सोळा घरांचा एक अंगठा

इमारतीतल्या सोळा घरांचे पासवर्ड एका वहीत होते आणि ती वही पहिल्या मजल्यावरच्या एक्सचेंजबाईंच्या टेबलाच्या खणात होती. हे ऐकून एखाद्या जाणकाराच्या अंगावर काटा येईल. येऊ दे. जाणकारांना लोकांची एवढीच काळजी असती, तर दर तीन महिन्यांनी ‘पासवर्ड बदला, त्यात एक आकडा घाला, एक चिन्ह घाला, मागचा पुन्हा चालणार नाही’ असं म्हणून त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जीव खाल्ला नसता. लोक विसरायचे. बाई विसरायच्या नाहीत, आणि विसरल्याच तर वही होती.

बाईंनी तेहेतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. त्या काळी परगावी बोलायचं तर आधी बाईंशी बोलावं लागे. सगळ्या तारा त्यांच्यासमोरच्या बोर्डावर येत. बाई ह्या भोकातली तार त्या भोकात खोचत आणि कानावरचा हेडफोन बाजूला सरकवत. जोडून दिलं की ऐकायचं नाही, हा तिथला दंडक. बाकीच्या मुली तो पाळत नसत आणि शहरातली निम्मी लग्नं त्यांना मुलीच्या आईच्याही आधी कळत. बाईंनी मात्र तो शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. पुढे एक्सचेंज बंद पडलं, तिथे गाड्या लावायची जागा झाली, पण नाव बाईंना चिकटलं ते चिकटलंच. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणत, सवड झाली नाही. थोरली बहीण सोडली तर त्यांना जवळचं असं कुणी नव्हतं. होती ती ही इमारत.

पासवर्डांवरून माणूस कळतो, हे बाईंना वहीने शिकवलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या नवऱ्याचा पासवर्ड म्हणजे बायकोची जन्मतारीख होती, पण एका दिवसाने चुकलेली. बाई नऊ वर्षं ते हसू पोटात घेऊन जिन्यात त्या दोघांना नमस्कार करत होत्या. दुसऱ्या मजल्यावरचे हेडसर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, लोकांना सावधगिरीवर व्याख्यानं देत आणि त्यांचा स्वतःचा पासवर्ड होता एक ते आठ. तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्यांचा नातीच्या नावाचा होता. ही नात दूर देशी होती आणि दर रविवारी व्हिडिओत दिसायची. यातलं अवाक्षर बाईंच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही.

सकाळी पेपर आला की बाई राजकारण सोडून आधी तंत्रज्ञानाचं पान उघडत. मग अर्ध्या कागदावर मोठ्या अक्षरात बातमी लिहून खाली टपालपेट्यांच्या शेजारी लावत. ‘अमुक ॲप पहिल्या तारखेपासून जुन्या फोनवर चालणार नाही.’ ‘दोन वर्षं न उघडलेली मेलची खाती पुसून टाकणार आहेत.’ आणि खाली नेहमीचं एक वाक्य: ‘ज्यांना कळलं नसेल त्यांनी वर यावं.’ खरी गंमत त्या शेवटच्या वाक्यात होती. लोक वर येत. फोन बाईंच्या हातात देत, चहा घेत आणि पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास बसत. दिवसातून तीन-चार वेळा तरी बेल वाजे. बाई म्हणायच्या, माझ्या घराची पार धर्मशाळा झाली आहे. पण एखाद्या दिवशी दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही, तर त्याच बाई हळूच दार उघडून बेल चालते आहे ना, ते बघायच्या.

थोरली बहीण, ताई, बसने सात तासांवर राहत होती. चार वर्षं ती म्हणत होती, ये, महिना-दोन महिने राहा. बाई म्हणत, इथे माझ्यावाचून सगळं अडतं. ताईची जीभ तिखट. ती म्हणायची, “अडू दे की जरा. अडल्याशिवाय कुणी शिकत नाही.” यंदा मात्र ताईचाच गुडघा अडला. शस्त्रक्रिया ठरली, मंगळवारची तारीख मिळाली आणि नंतर तीन महिने घरात कुणीतरी हवं असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी ताबडतोब हो म्हटलं. शनिवारच्या सकाळच्या बसचं तिकीटही काढलं. त्याला अजून दीड महिना अवकाश होता.

आणि दुसऱ्याच दिवशी पेपरात बातमी आली की पासवर्डचे दिवस भरले.

आता म्हणे पासकी येणार होती. म्हणजे एक गुप्त किल्ली. ती फोनच्या पोटात तयार होते, कुणाला दिसत नाही, वहीत लिहिता येत नाही, म्हणून चोरताही येत नाही. खातं उघडायचं असलं की फोन मालकाचा अंगठा मागतो, अंगठा जुळला की किल्ली फिरते. लक्षात ठेवायचं काही नाही. बाईंनी बातमी दोनदा वाचली. पहिल्यांदा त्यांना वाटलं, झालं, डोक्यावरचं ओझं उतरलं, आता ताईकडे निर्धास्त जाता येईल. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यांनी खणातली वही काढून चाळली. वही गेली की वहीसाठी जिना चढणारे पायही गेले. तीन महिन्यांनी परत यायचं ते कुणाकडे? जिन्यात भेटल्यावर ‘कशा आहात’ म्हणून पुढे जाणाऱ्या माणसांकडे? पण बाई कर्तव्याला पक्क्या होत्या. त्यांनी कागद लावला: ‘पासवर्डला निरोप. रोज दोन घरं. आपापल्या वेळेला यावं.’

आठ दिवस टेबलापाशी नुसती झुंबड होती. काम मोठं शिस्तीत चाललं. समोरचा माणूस चहा घेत बसे. बाई वहीतला पासवर्ड घालून त्याचं खातं उघडत, किल्ली तयार करत आणि मग फोन विचारे, जुना पासवर्ड काढून टाकायचा का? बाई हो म्हणत. त्यानंतर वहीतलं त्याचं पान टर्रकन फाडून त्याच्या हातात देत, जणू नोकरीतून सुटका झाल्याचा दाखलाच. हेडसर तेवढे आधी हटून बसले होते. “चाळीस वर्षं मी लोकांना अंगठ्यावरून सहीवर आणलं,” ते म्हणाले. “आता उतारवयात मीच अंगठाबहाद्दर होऊ?” पण प्रत्यक्षात त्यांना अंगठा लावावाच लागला नाही. सर खूश झाले आणि पान घेऊन गेले. असं कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. बाईंच्याही ते ध्यानात आलं नाही.

महिना सुखात गेला. बाईंनी ताईसाठी दोन मऊ उशा शिवल्या, सामानाची यादी केली. बेल वाजायची कमी झाली होती, त्याचं वाईट वाटत होतं, पण ते त्यांनी कामात बुडवून टाकलं.

निघायच्या आधीच्या बुधवारी तिसऱ्या मजल्यावरची औषधवाली खाली आली. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान तिचं. तिचा फोन भांडी घासताना पाण्यात पडून गेला होता आणि नव्या फोनवर मेल काही केल्या उघडत नव्हतं. पडद्यावर एक काळापांढरा चौकोन आला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘तुमची किल्ली दुसऱ्या फोनमध्ये आहे, तो फोन जवळ आणा.’ ती म्हणाली, “बाई, दुसरा फोन कुठला? तो तर मेला.” बाईंनी सहज, बघू तरी म्हणून, आपला फोन त्या चौकोनावर धरला. बाईंच्या फोनने अंगठा मागितला. बाईंनी ठेवला. औषधवालीचं मेल पटकन उघडलं. ती आभार मानून, दुकान उघडायला उशीर झाला म्हणत निघून गेली.

बाई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत. हिच्या किल्लीला माझा अंगठा कसा चालला? त्यांनी चष्मा पुसला, फोनमधली किल्ल्यांची यादी उघडली आणि वाचत खाली खाली गेल्या. हेडसर. चौथा मजला. लाँड्रीवाले. औषधवाली. समोरचं घर. यादी संपेना. सोळा घरांच्या एकतीस किल्ल्या, सगळ्या ह्याच एका फोनमध्ये आणि सगळ्या त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या.

चूक समजायला त्यांना क्षणभरही वेळ लागला नाही. किल्ली ज्या फोनवर तयार करावी त्या फोनात राहते. प्रत्येकाची प्रत्येकाच्या फोनवर करायची होती. बाईंनी सगळ्यांची आपल्या फोनवर केली, कारण तो हाताखालचा होता, पडदा मोठा होता, आणि मुख्य म्हणजे त्यांना त्यात काही गैर वाटलंच नाही. तेहेतीस वर्षं ज्या बाईसमोर सगळ्या तारा एकाच बोर्डावर येत होत्या, तिला वेगळं सुचणार तरी कसं? लोकांचे फोन जुन्या ओळखीवर उघडे राहिले होते म्हणून महिनाभर कुणाचं घोडं अडलं नाही. पण नवा फोन घेतला, किंवा फोनने स्वतःहून एकदा खात्यातून बाहेर काढलं, की सगळे ह्या अंगठ्यापाशी येणार. आणि दोन्ही फोन शेजारी असल्याशिवाय काम होत नाही, म्हणजे सात तासांवरून काही करता येणार नाही. ही सारी नुसती चूकच होती का, असंही बाईंच्या मनात एकदा येऊन गेलं. त्यांनी यादी मिटली. आपणही खोदून विचारू नये.

त्यांनी ताईला फोन लावला. इकडे असं असं झालं आहे, सगळं माझ्या हातून झालं, शनिवारचं जरा पुढे ढकलावं लागेल, बुधवार-गुरुवारपर्यंत येते, मंगळवारी तुझ्या शेजारणीला दवाखान्यात थांबायला सांगशील का? बाईंना वाटलं, आता तिखट काहीतरी ऐकायला मिळणार. त्या तयारीतच होत्या.

“नको येऊस मग,” ताई म्हणाली. “सांगते मी शेजारणीला.” आणि थोडं थांबून, “मला भीती वाटते गं.”

ताईला भीती वाटते, हे बाईंनी साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. वडील गेले तेव्हाही ती असं म्हणाली नव्हती. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. जे पासवर्ड विसरतात ते इतके जवळचे, आणि हिला मी शेजारणीवर सोडते आहे? त्या म्हणाल्या, शनिवारी येते, नक्की येते, संध्याकाळी चहाचं आधण टाकून ठेव. फोन ठेवला आणि लगेच कागद घेतला: ‘माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. प्रत्येकाने आपापला फोन आणि आपापली बोटं घेऊन यावं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत. मी शनिवारी जाते आहे.’

जिन्यात छोटी सभाच भरली. कुणी रागावलं नाही, उलट सगळ्यांना मजा वाटली. हेडसरांनी तोडगा काढला की बाईंनी जावं आणि फोन इथे ठेवून जावा, तो आपण सांभाळू. औषधवाली म्हणाली, “आणि अंगठा, सर? तो कुठल्या बरणीत ठेवायचा?” मग गुरुवारी सकाळपासून टेबलापाशी पुन्हा रांग लागली. या खेपेला बाई हाताची घडी घालून बसत आणि फक्त सांगत. फोन तुमच्या हातात धरा. तो चौकोन माझ्या फोनला दाखवा. आता तुमच्या फोनवर नवी किल्ली करा. बोट तुमचं. माझं नाही, तुमचं. मग माझ्याकडची किल्ली पुसा, माझ्यासमोर पुसा. लोक चुकायचे, हळू करायचे, आणि फोन ओढून घेऊन पटकन करून टाकावं म्हणून बाईंचे हात शिवशिवायचे. त्यांनी ते मांडीखाली घेतले.

हेडसरांपाशी गाडी पुन्हा अडली. अंगठा ते लावणार नाहीत म्हणजे नाहीत, तत्त्वाचा प्रश्न होता. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “सर, अंगठाच पाहिजे असं नाही. तर्जनीसुद्धा चालते.” सरांनी आपल्या तर्जनीकडे पाहिलं. चाळीस वर्षं जी वर्गावर रोखली होती ती हीच. त्यांनी ती फोनवर अशा थाटात टेकवली की फोननेही निमूट ओळख दिली. जाताना ते जिन्यात भेटेल त्याला सांगत गेले की तर्जनी ही अंगठ्यापेक्षा सुरक्षित असते. असं काही नसतं, पण बाईंनी त्यांना सांगू दिलं.

शुक्रवारी चारच्या सुमाराला पंधरा घरं झाली. यादीत आता बाईंच्या स्वतःच्या दोन किल्ल्या होत्या आणि एक लाँड्रीवाल्यांची.

ते दुकानाचं शटर अर्धं ओढून आले. बाकी सगळं झालं, पण त्यांचा फोन बोट घेईना. ओल्या फडक्याने पुसलं, सुक्याने पुसलं, दहाच्या दहा बोटं झाली. फोन म्हणे, पुन्हा प्रयत्न करा. बाईंनी त्यांचा हात उजेडात धरून बघितला. बोटांच्या टोकांवर रेषच नव्हती, पाटीसारखी गुळगुळीत होती.

“तीस वर्षं लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढल्या,” ते हसून म्हणाले. “त्यात माझ्याही गेल्या असणार.”

चेहरा दाखवून बघितला, तर त्यांच्या फोनला ती सोयच नव्हती. आकडे ठेवू म्हटलं, तर चार आकडे दोन मिनिटांनी त्यांना आठवेनात. दुकानातली गिऱ्हाईकं ते कपड्यांवरून ओळखत, बिलाच्या नंबरावरून नाही. शेवटी ते उठले. म्हणाले, राहू द्या बाई, माझी आहे तशीच तुमच्या अंगठ्यावर राहू द्या. मध्येच फोनने बाहेर काढलं आणि तीन महिने नाही दिसली नात तर काय बिघडतं. तुम्ही आलात की बघेन. हे ते अगदी साधेपणाने म्हणाले आणि बाईंना ते ऐकवेना.

खरं सांगायचं तर एक क्षण त्यांना बरंही वाटलं. एक तरी माणूस राहील. परत आल्यावर एक तरी बेल नक्की वाजेल. पण तो क्षण गेला आणि त्याच्या मागोमाग ताईचं फोनवरचं ते ‘मला भीती वाटते गं’ आठवलं. कुणाला तरी अडकवून ठेवलं म्हणजे तो आपला होतो का? त्यांनी लाँड्रीवाल्यांना बसायला सांगितलं.

फोनला नऊ ठिपके दाखवून त्यावरून बोट फिरवायची एक सोय असते. ज्याने त्याने आपली रेघ ठरवायची, तीच कुलूप उघडते आणि तिनेच किल्लीही फिरते. लाँड्रीवाल्यांनी एक रेघ काढली आणि लगेच विसरले. दुसरी काढली, तीही विसरले. बाईंनी विचारलं, विचार न करता तुमचा हात काय करतो? ते म्हणाले, इस्त्री, दुसरं काय करणार.

“मग तीच काढा,” बाई म्हणाल्या. “जशी कपड्यावर फिरवता तशीच ह्या ठिपक्यांवर फिरवा.”

लाँड्रीवाल्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात हवेत धरला. “म्हणजे बघा, आधी आपण...”

“सांगू नका,” बाई म्हणाल्या. “शर्ट का चादर, कुठून सुरुवात, कुठे शेवट, काही सांगू नका. मला कळता कामा नये.”

आणि त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. लाँड्रीवाल्यांना काम करताना पुटपुटायची सवय होती, म्हणून त्यांनी नळ सोडला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाणी भांड्यात पडत राहिलं. ह्या इमारतीत आता एक गोष्ट अशी होणार होती जी बाईंना ठाऊक नसेल. एक कसली, उद्यापासून सगळ्याच. त्यांना हलकंही वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच. भांडं भरून वाहू लागलं तेव्हा कुठे बाहेरून हाक आली, “बाई, झालं. दोनदा बंद करून उघडलं. हात बरोबर जातो.” पाठोपाठ एका लहान मुलीचा खिदळण्याचा आवाज आला. गेल्या रविवारी नातीने पाठवलेला व्हिडिओ त्यांनी लावून बघितला होता.

शनिवारी सकाळी औषधवालीने बस लागू नये म्हणून गोळ्या दिल्या. हेडसरांनी बॅग उचलून थांब्यापर्यंत नेली आणि वाटेत प्रवासातल्या सावधगिरीवर बोलले. बस सुटल्यावर बाईंनी फोन उघडून यादी पाहिली. दोन किल्ल्या होत्या, दोन्ही स्वतःच्या.

ताईची शस्त्रक्रिया नीट झाली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिली तक्रार उशीची केली, तेव्हा बाईंनी ओळखलं की आता काळजी नाही. तीन दिवसांनी ताई घरी आली. बाई तिला धरून खोलीतल्या खोलीत चालवत, गरम पाण्याने शेकत, रात्री दोघी लहानपणच्या भांडणांचे निकाल नव्याने लावत. बाईंना इतकं निवांत कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. फक्त इमारतीतून एकही फोन येत नव्हता. आठवडा झाला, एकही नाही. बाई दिवसातून दोनदा रेंज आहे ना ते बघत. एकदा तर त्यांनी ताईलाच आपल्याला फोन लावायला सांगितलं. पलंगावरून लावलेला फोन खुर्चीत वाजला.

“लागतो आहे की,” ताई म्हणाली. “तुला काय गं, फक्त अडलेलीच माणसं लागतात का?”

बाईंना ते लागलं. खरंच होतं ते. न अडलेल्या माणसाने आपल्याकडे का यावं, याचं कारण त्यांना स्वतःलाच सापडत नव्हतं.

रविवारी दुपारी फोन वाजला. लाँड्रीवाल्यांचा होता आणि तोही व्हिडिओवर. पडद्यावर दुकान दिसलं, कपड्यांचे ढीग, आणि इस्त्री हातात घेऊन उभे असलेले ते. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, त्यामुळे त्यांची हनुवटी तेवढी मोठी दिसत होती.

“काय झालं?” बाईंनी विचारलं. “उघडत नाही का?”

“उघडतं ना. आत्ताच नातीशी बोललो.”

“मग कुणाचं अडलं? हेडसरांचं?”

“नाही हो, कुणाचं काही अडलेलं नाही.” त्यांनी एक शर्ट उलटा करून मांडला. “ताईंचा गुडघा कसा आहे ते विचारावं म्हटलं. आणि तुम्ही कशा आहात. काम काही नव्हतं.”

बाईंनी डोळे पदराने टिपले. आयुष्यभर ज्याचा त्याचा फोन लावून दिला, पण काम नसताना आलेल्या फोनवर काय बोलतात, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. ताईने पलंगावरून हात लांब केला आणि म्हणाली, आण इकडे, गुडघा माझा आहे, मी सांगते. बाईंनी दिला नाही. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि बसच्या प्रवासापासून सुरुवात केली. मग दवाखाना, मग उशीची तक्रार, मग ताई काल दारापर्यंत कशी चालली ते. लाँड्रीवाल्यांनी तेवढ्यात चार शर्ट संपवले आणि पाचवा घेतला. काम काही नसल्यामुळे फोन ठेवायची दोघांनाही घाई नव्हती.